थ्रेड : गोठलेले कुलूप आणि नोंदवहीतून निसटलेले हिम

१/
डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या निरभ्र, निवांत रात्रीनंतर सातारा जिल्ह्यातून एक बातमी हमखास येते : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिमकण साचले. बोटींच्या धक्क्यावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारींच्या टपांवर पांढरा पातळ थर दिसतो. गाडीचे दार चौकटीला चिकटून बसते, कुलपात किल्ली फिरत नाही. त्याच पहाटेची वेधशाळेची किमान तापमानाची नोंद मात्र पुष्कळदा गोठणबिंदूच्या बरीच वर असते.

२/
मग खोटे कोण? टपावरचा बर्फ की नोंदवहीतला आकडा? उत्तर असे की दोन्ही खरे आहेत. हे उत्तर मिळण्यासाठी मात्र गंगाकाठी बर्फ पिकवणारे मजूर, लंडनमधील एक वैद्य आणि पुण्यातील एक हवामानशास्त्रज्ञ अशा तिघांच्या वाटा एकत्र आणाव्या लागतात. शेवटी ही वाट सांगलीच्या द्राक्षबागेत पोहोचते आणि तिथे हा प्रश्न कुतूहलाचा न राहता पोटापाण्याचा होतो.

३/
आधी कुलूप. लोखंड-पितळ गोठत नाही. गोठते ते त्यात शिरलेले पाणी. दिवसा गाडी धुतलेली असते किंवा सायंकाळी दव पडलेले असते. किल्लीच्या भोकात आणि दाराच्या रबरी पट्टीत दोन-चार थेंब राहतात. पत्रा गोठणबिंदूखाली गेला की या थेंबांचे खडे होतात आणि कुलपाच्या आतील बारीक पिना जागच्या जागी अडकतात. दार लागते ते पट्टीमुळे, किल्ली अडते ती पिनांमुळे. तेव्हा आधी नक्की काय अडले आहे ते पाहावे.

४/
उकळते पाणी ओतणे हा सर्वांत वाईट उपाय. गार काच तडकण्याचा धोका असतो आणि तेच पाणी थोड्या वेळाने पुन्हा गोठते. दार चिकटले असेल तर ओढण्यापूर्वी ते आत दाबावे, म्हणजे पट्टीवरचा बर्फ फुटतो. कुलूप अडले असेल तर किल्लीला स्पिरिट किंवा हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर लावून ती हळूहळू आत-बाहेर करावी. जोर लावल्यास किल्लीच मोडते. मीठही बर्फ वितळवते, पण ते धातूला गंज चढवते, म्हणून कुलपात घालू नये.

५/
मीठ आणि स्पिरिट यांचे काम एकच : पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणे. क्षारांनी थंडावा आणण्याची विद्या हिंदुस्थानात मोटारीच्या कितीतरी आधीपासून होती. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत नोंदवली आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात घालायचा आणि त्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि सुरईतील पाणी गार होते. तोच सोरा तोफेच्या दारूतही लागे.

६/
युरोपात याच विद्येने मोजपट्टीचा आरंभबिंदू दिला. डॅनियल फॅरनहाइट याने १७२४ साली आपल्या तापमापकाची पद्धत प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा थंडावा हे त्याचे शून्य होते. साध्या पाण्याचा बर्फ ३२ अंशांवर आला तो यामुळे. पहाटे कुलपात स्पिरिटचा थेंब सोडणारा माणूस याच ज्ञानाचा उपयोग करत असतो. बर्फ बनवणे आणि बर्फ वितळवणे ही एकाच विद्येची दोन टोके आहेत.

७/
आता मूळ कोडे. हवा गोठणबिंदूवर असताना बर्फ कसा होतो? सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेतील बर्फ बनवण्याच्या पद्धतीचे वर्णन छापले. डबक्यांत किंवा टाक्यांत आपोआप झालेला बर्फ त्याने तिथे कधी पाहिला नव्हता. पारा गोठणबिंदूपर्यंत उतरल्याचेही आढळले नव्हते. तरीही थंडीत रोज पहाटे तिथे बर्फ गोळा होत असे.

८/
रीत अशी : मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाच्या चिपाडांचा किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा वीतभर थर पसरायचा. त्यावर मातीची, झिलई नसलेली, सव्वा इंच खोलीची पसरट परळे जवळजवळ मांडायची. सायंकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी भरायचे. सूर्य उगवण्याआधी मजूर येत, परळांतील बर्फ टोपल्यांत गोळा करत आणि पेंढ्याने मढवलेल्या खोल तळघरात ठेचून भरत.

९/
ज्यांना हे साधले होते त्यांना कुठली रात्र ‘पिकणार’ हे ठाऊक होते. आभाळ स्वच्छ हवे, वारा पडलेला हवा, तळाचा पेंढा कोरडा हवा. ढग आले की त्या रात्रीचे कष्ट वाया. हे ज्ञान कुठल्या ग्रंथातून आलेले नव्हते. शेकडो पहाटांच्या अनुभवातून ते तयार झाले होते. बार्करच्या लेखातून पद्धत कळते, मापे कळतात. पहाटेच्या गारठ्यात उघड्या हातांनी बर्फ खरवडणाऱ्यांची नावे कळत नाहीत.

१०/
कारण शोधले ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील वैद्याने. रात्री-रात्री बागेत बसून, गवतात आणि हवेत तापमापके ठेवून त्याने निरीक्षणे केली आणि १८१४ साली दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. स्वच्छ, निवांत रात्री गवत हे चार फूट उंचीवरील हवेपेक्षा सात ते दहा अंश फॅरनहाइट, क्वचित १४ अंशांपर्यंत अधिक गार होते, असे त्याला आढळले. वरील हवा गार झाल्यामुळे गवत गार होत नव्हते. गवत स्वतःच आपली उष्णता उघड्या आभाळाकडे गमावत होते.

११/
पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू सतत उष्णतेचे उत्सर्जन करते. आभाळात ढग असतील तर त्यातला बराच भाग परत मिळतो. आभाळ निरभ्र असेल तर जमाखर्च तुटीत जातो. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळते. वारा पडला तर तीही मदत येत नाही. खालच्या कोरड्या पेंढ्यामुळे जमिनीची ऊब परळापर्यंत पोहोचत नाही. अलाहाबादच्या मजुरांच्या तिन्ही अटी अशा रीतीने एका सिद्धांतात बसल्या. वेल्सने आपल्या निबंधात हिंदुस्थानातील या बर्फाचाही विचार केला आहे.

१२/
याच निबंधात एक प्रांजळ कबुली आहे. थंडीपासून रोपे वाचवण्यासाठी माळी त्यांच्यावर पातळ चटया टाकतात, याचे वेल्सला पूर्वी हसू येई. इतक्या झिरझिरीत आच्छादनाने हवेचा गारठा कसा थांबणार? मग त्याने चार काटक्यांवर एक तलम हातरुमाल ताणला. रुमालाखालचे गवत उघड्यावरच्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार निघाले. रुमालाने हवा अडवली नव्हती, आभाळ अडवले होते. अर्धवट ज्ञानाच्या अहंकारात आपण माळ्यांना हसलो, हे त्याने लिहून ठेवले.

१३/
मोटारीचे टप म्हणजे बार्करच्या वर्णनातील परळच. पातळ पत्रा, जमिनीपासून तुटलेला, तोंड थेट आभाळाकडे. म्हणून भोवतालची हवा चार-पाच अंशांवर असतानाही तो शून्याखाली जाऊ शकतो. झाडाखाली किंवा छपराखाली उभ्या केलेल्या गाडीवर हिमकण धरत नाहीत, त्याचेही कारण हेच. गोठलेल्या कुलपावरचा सर्वोत्तम उपाय तेव्हा आदल्या सायंकाळचा आहे : गाडीवर कापड टाकणे आणि दाराची पट्टी कोरडी पुसून ठेवणे.

१४/
आता साताऱ्याकडे. १८२४ साली साताऱ्याच्या छावणीतील अधिकारी पीटर लॉडविक महाबळेश्वरच्या डोंगरावर चढून गेला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तो ‘शोध’ होता. कृष्णेच्या उगमाचे हे क्षेत्र इथल्या भाविकांना शतकानुशतके माहीत होते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तिथे आरोग्यस्थान वसवायचे ठरवले. १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार झाला आणि खंडाळा गावाच्या बदल्यात हा प्रदेश कंपनीकडे गेला. नव्या पेठेला माल्कमपेठ नाव पडले.

१५/
हे ठिकाण निवडले गेले ते उन्हाळ्यासाठी. सुमारे १,३७० मीटर उंचीचे पठार, एप्रिल-मे महिन्यांत देशावरच्या काहिलीतून सुटका. हिवाळ्यात मात्र एक गंमत दिसते. महाबळेश्वरचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान १३ अंशांच्या आसपास असते; त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवरील पुण्याचे त्याहून कमी. रात्री गार झालेली जड हवा पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि डोंगरमाथा तुलनेने उबदार राहतो.

१६/
ही हवा साठते कुठे? खोलगट जागी. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत केल्यानंतर गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या काळात, १८४२ साली, वेण्णेच्या खोऱ्यात तलाव बांधला गेला. बाजारपेठ वर, तलाव खाली. भोवतालच्या उतारांवरून घरंगळलेली थंड हवा या खोऱ्यात आणि पुढे लिंगमळ्याच्या बाजूला साचते. तलावामुळे हवेत ओलावाही असतो. थंडी आणि ओल एकत्र आली की हिमकण तयार होतात. बाजारात न दिसणारे हिम तलावाकाठी दिसते ते यामुळे.

१७/
या थंडीत राबणारे हात कोणाचे होते? सामुद्रधुनीच्या इंग्रज वसाहतींतून आणलेले चिनी कैदी इथल्या तुरुंगात १८६४ पर्यंत ठेवले जात. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे पिकवले, वेताच्या विणकामाची कला रुजवली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मळ्यांच्या परंपरेत या परमुलखातल्या बंदिवानांचाही वाटा आहे. दहिवराने कोवळी पाने जळतात हे तेव्हाच्या मळेवाल्याला कळत होते आणि आजच्यालाही कळते.

१८/
मग नोंदवहीत हे हिम का नाही? कारण तापमापक कुठे ठेवायचा याचा एक नियम आहे. स्कॉटलंडमधील अभियंता थॉमस स्टीव्हन्सन (कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा पिता) याने १८६० च्या दशकात दुहेरी झडपांची पांढरी पेटी तयार केली. तापमापक तिच्यात, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवतात. ऊन, पाऊस आणि उघडे आभाळ यांचा त्याच्यावर थेट परिणाम होऊ नये हाच पेटीचा हेतू. त्यामुळे जगभरची तापमाने एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागली.

१९/
१८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि कालांतराने ही पद्धत देशभर स्थिरावली. पेटीने आपले काम चोख केले. पण तिचे काम हवेचे तापमान सांगण्याचे आहे. पानाचे, पत्र्याचे किंवा मण्याच्या सालीचे नव्हे. वेल्सच्या बागेत गवत आणि हवा यांत जे अंतर होते, ते पेटीबाहेर राहिले. उघड्या आभाळापासून आडोसा म्हणजे अगदी वेल्सचा तो हातरुमाल! ज्या कारणाने हिम पडते, नेमके तेच कारण पेटी वगळते.

२०/
हे अंतर आपल्याकडे गांभीर्याने मोजले ते एल. ए. रामदास यांनी. पुण्यात हवामान खात्यातील कृषी-हवामान संशोधनाचा पाया त्यांनी घातला. पिकाचे हवामान आणि वेधशाळेचे हवामान एक नाही, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. म्हणून त्यांनी जमिनीलगतच्या काही फुटांतील तापमान बोटाबोटाच्या अंतराने मोजले. १९३२ साली रामदास आणि आत्मनाथन यांनी जे प्रसिद्ध केले ते पाठ्यपुस्तकांना धक्का देणारे होते.

२१/
प्रचलित समज असा की निरभ्र, निवांत रात्री सर्वांत गार जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. रामदास यांना उघड्या जमिनीवर सर्वांत गार थर जमिनीपासून काही बोटे ते वीत-दीड वीत वर सापडला. मोजण्यातच चूक असणार, असे अनेकांना वाटले. पुढे इतरांनीही हा थर मोजला. १९९० च्या दशकात बंगळुरूमध्ये रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी त्याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण मांडले. आज तो ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. पुण्याच्या मातीजवळ वाकून पाहिल्याने लागलेला हा शोध आहे.

२२/
महाबळेश्वरहून निघालेली वेण्णा संगम माहुलीला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा पुढे सांगलीला जाते. सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या भागांत द्राक्षबागा पसरल्या आहेत. ‘तास-ए-गणेश’ ही तासगाव भागातील बागायतदाराने निवडीतून विकसित केलेली जात नावातच तासगाव घेऊन देशभर गेली. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि मणी फुगण्याचा, पाणी भरण्याचा काळ नेमका थंडीत येतो.

२३/
सांगलीत महाबळेश्वरसारखे हिम सहसा पडत नाही. तिथे पारा आठ-दहा अंशांखाली जाणे पुरेसे असते. वेलीची वाढ मंदावते, मण्यांची फुगवण थांबते, हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते (बागायतदार तिला ‘पिंक बेरी’ म्हणतात) आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजाराचा होतो. रात्रीची थंडी आणि दुपारचे ऊन यांत अंतर वाढले की मणी तडकतात. वर्षभराची मजुरी, औषधे आणि कर्ज अशा चार-दोन रात्रींवर टांगलेले असते.

२४/
म्हणून थंडीच्या लाटेत बागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात, पाचट आणि काडीकचरा जाळून धूर केला जातो, बागेला पाणी दिले जाते. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. शेकोटीची ऊब गारठलेली हवा ढवळते. धूर वेल आणि आभाळ यांच्यामध्ये विरळ पडदा धरतो. काटक्यांवर ताणलेल्या हातरुमालाचाच हा विरळ भाऊ. परिणाम मर्यादित असतो, पण विचार चुकीचा नाही.

२५/
आणि इथे जुने कोडे नव्या रूपात उभे राहते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्षासाठी कमी तापमान हा भरपाईचा एक निकष आहे. निकष पुरा झाला की नाही हे ठरते महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यावरून. केंद्र एक, बागा शेकडो. एखादी बाग ओढ्याकाठच्या खोलगटात असते, जिथे थंड हवा साचते. केंद्र उंच मोकळ्यावर असते. केंद्राने नोंदवलेल्या हवेपेक्षा वेलीचे पान अधिक गारठलेले असू शकते. बागेत नुकसान होते; कागदावर मात्र ती रात्र सौम्य ठरते.

२६/
यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. यंत्र अचूक असते, आकडा खरा असतो. आकड्याला जो प्रश्न कधी विचारलाच गेला नव्हता, त्याचे उत्तर त्याच्याकडून मागितले जाते. दोन दिशांनी उपाय आहेत आणि दोन्ही जुनेच आहेत : केंद्रे अधिक दाट करणे, आणि पेटीतील हवेबरोबर उघड्यावरील गवताच्या पातळीचे तापमानही मोजणे. कृषी-हवामान वेधशाळांत यासाठी जमिनीलगत ठेवायचा किमान-तापमापक वापरला जातो. रामदास यांच्या पुण्यात ही गोष्ट नवलाची नाही.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातून निघणारा धडा सोपा आहे. नोंद वाचताना ‘काय लिहिले आहे’ याच्या आधी ‘ही नोंद करणारा कुठे उभा होता’ हे विचारावे. बार्करच्या लेखात बर्फ आहे, मजूर नाहीत. लॉडविकच्या ‘शोधा’त डोंगर आहे, तिथे आधीपासून जाणारे-राहणारे नाहीत. वेधशाळेच्या वहीत हवा आहे, हिम नाही. नोंद नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे.

२८/
अशा निसटलेल्या गोष्टी दुसरीकडे सापडतात. विमानाकाशातून नव्हे, तर बागायतदाराच्या रोजनिशीत, सोसायटीच्या कर्जखात्यात, पंचनाम्याच्या कागदांत, गावातल्या वृद्धांच्या ‘त्या साली पाने काळी पडली होती’ अशा आठवणींत. सातारा-सांगलीच्या थंडीचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर त्याने तापमानाच्या तक्त्याइतकेच या कागदांचे मोल धरावे. तक्ता सांगतो रात्र किती गार होती; हे कागद सांगतात ती कोणाला महाग पडली.

(समाप्त)